घानाहून आलेली संजीवनी

उरणजवळचा द्रोणागिरी म्हटला की मारुतीने आणलेला संजीवनीचा डोंगर आठवतो. त्याच द्रोणागिरीच्या शेजारी, न्हावा-शेवा बंदरात, २७ जून २०१७ रोजी मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठे आहे, हे संगणकालाच ठाऊक. आणि संगणकच निपचित पडलेला! मग काम हाताने सुरू झाले.

दुखणे आले होते फार दुरून. मर्स्कच्या सुमारे १३० देशांतल्या कचेऱ्या एकाच जाळ्याने जोडलेल्या. युक्रेनच्या ओडेसा शहरातल्या कचेरीत, एका संगणकावर हिशेबाची स्थानिक प्रणाली बसवली होती. तिच्यातून ‘नॉटपेट्या’ विषाणू शिरला. कोणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत. म्हणून सारे एकदम गेले.

वाचला एकच, घानाच्या कचेरीतला. का? तिथे नेमकी वीज गेली होती! ती नोंद माणसांनी नायजेरियामार्गे हातोहात इंग्लंडला पोचवली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे राहिले.

मंडळी, बुडवले एका लहान शाखेने, तारलेही एका लहान शाखेनेच. जाळे हवेच, पण जाळ्याबाहेर एक वही जपून ठेवलेली बरी. दर वेळी वीज वेळेवर जाईलच असे नाही.