कळफलकामागचा पहारेकरी

संगणकावर पत्र लिहिण्याचे काम चालू आहे. मध्येच एक बेरीज करायची आठवण होते. ठरावीक दोन कळा एकदम दाबल्या की पडद्यावर गणकयंत्र उघडते. पत्र लिहिणाऱ्या आज्ञावलीला मात्र या कळांचा पत्ताही लागत नाही. मग त्या कळा ऐकल्या कोणी?

पडद्यावर कोठेही न दिसणारी एक आज्ञावली मागे बसून प्रत्येक कळेवर लक्ष ठेवून असते. ठरलेली कळ आली की ठरलेले काम करायचे आणि बाकीच्या कळा पुढे जाऊ द्यायच्या, एवढेच तिचे काम. हा पहारेकरी कोठून आला, ते आपण पाहू या.

मॅक्सवेलचा राक्षस

मागे राहून काम करणाऱ्या अशा आज्ञावलीला ‘डीमन’ म्हणतात. हे नाव भौतिकशास्त्रातून आले आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ साली एक काल्पनिक प्रयोग मांडला. वायूने भरलेल्या पेटीचे दोन कप्पे आहेत, मध्ये एक बारीकसे दार आहे आणि दारावर एक सूक्ष्म जीव बसला आहे. वेगवान रेणू तो एका बाजूला जाऊ देतो, मंद रेणू दुसऱ्या बाजूला. लॉर्ड केल्विन यांनी त्याला ‘डेमन’ असे नाव दिले.

१९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘प्रोजेक्ट मॅक’ सुरू झाला. तेथे आयबीएम ७०९४ या संगणकावर फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने मागच्या मागे चालणाऱ्या आज्ञावली लिहिल्या. फायलींच्या प्रती आपोआप चुंबकीय फितीवर काढून ठेवणारी आज्ञावली ही त्यांतील पहिल्यांपैकी एक. न सांगता, न थकता काम करणाऱ्या या आज्ञावलींना मॅक्सवेलच्या राक्षसाचे नाव शोभून दिसले.

सूचनावही आणि शिपाई

कळ दाबली गेल्याचे संगणकाला कसे कळते? शिक्षक फळ्यावर लिहीत असताना शिपाई सूचनावही घेऊन दारात येतो. शिक्षक वाक्य अर्धवट ठेवतात, सूचना वाचतात, सही करतात आणि सोडलेल्या शब्दापासून पुन्हा लिहू लागतात. संगणकात अशा व्यत्ययाला ‘इंटरप्ट’ म्हणतात.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमध्ये ही व्यवस्था अगदी स्पष्ट दिसते. ‘ए’ ही कळ दाबली की कळफलक ३० हा क्रमांक पाठवतो आणि ती सोडली की १५८, म्हणजे १२८ ने अधिक. क्रमांक आला की प्रोसेसर हातातले काम थांबवतो आणि नऊ क्रमांकाच्या इंटरप्टसाठी काय करायचे ते एका कोष्टकात पाहतो. हे कोष्टक स्मृतीच्या अगदी सुरुवातीला असते. त्यात २५६ पत्ते, प्रत्येकी चार बाइटचे, म्हणजे एकूण १,०२४ बाइट. नवव्या पत्त्यावरची आज्ञावली क्रमांकाचे अक्षरात रूपांतर करते आणि ते रांगेत ठेवते. या रांगेत पंधरा कळा मावतात.

आता खरी मेख येथेच आहे. हे कोष्टक साध्या स्मृतीत असल्यामुळे कोणतीही आज्ञावली ते बदलू शकत असे. नवव्या जागेवरचा जुना पत्ता जपून ठेवायचा आणि तेथे आपला पत्ता लिहायचा. मग प्रत्येक कळ आधी आपल्याकडे येणार. कामाची असेल तर ठेवून घ्यायची, नसेल तर जुन्या पत्त्यावर पाठवायची.

पाहुणा मुक्कामी राहतो

त्या काळच्या डॉस प्रणालीत एका वेळी एकच आज्ञावली चाले. ती संपली की तिची स्मृतीतील जागा मोकळी होई. पण ‘काम संपले, तरी मला स्मृतीतच राहू द्या’ असे सांगण्याची सोय डॉसमध्ये होती. तिचा फायदा घेऊन बोरलँड कंपनीने १९८४ साली ‘साइडकिक’ बाजारात आणली. टिपणवही, गणकयंत्र, दिनदर्शिका असे सारे काही चालू कामावर अलगद उघडे आणि काम झाले की मिटे.

अडचणीही होत्या. आज्ञावलींना मिळणारी स्मृती ६४० किलोबाइटपर्यंतच होती. मुक्कामी पाहुण्यांची संख्या वाढली की यजमानालाच जागा उरत नसे. एकाच कळेवर दोघांनी हक्क सांगितला की गोंधळ होई. तरीही हे तंत्र टिकले. मराठी टंकलेखनाच्या अनेक आज्ञावलीही इंग्रजी कळ मध्येच अडवून त्या जागी देवनागरीचा संकेत पुढे पाठवत.

ऐकणारा कोण?

मदतनिसाला आपली एक कळ ओळखायची तर सगळ्याच कळा ऐकाव्या लागतात. म्हणजे परवलीचा शब्दही त्याच्या कानावर पडतो. कळा चोरणारी आज्ञावली हेच तंत्र वापरते. ती फक्त प्रत्येक कळ टिपून ठेवते.

यावरचा एक उपाय जुन्याच कळांमधून निघाला. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकत्र दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची युक्ती पीसीच्या मूळ गटातील अभियंता डेव्हिड ब्रॅडली यांची. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये याच तीन कळा प्रवेशापूर्वी दाबायला लावल्या. त्या थेट मूळ प्रणालीकडेच जातात, साध्या आज्ञावलीला अडवता येत नाहीत. त्यामुळे कोणी परवलीचा शब्द विचारणारा खोटा पडदा उभा केला असेल, तर तो बाजूला पडून खरा पडदा पुढे येतो.

१९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या ‘एक्स’ या खिडकी-प्रणालीत एका आज्ञावलीला दुसरीच्या कळा सहज ऐकता येत. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ने ती वाट बंद केली: ज्या खिडकीत आपण लिहितो, कळा फक्त तिलाच मिळतात. त्यामुळे चोराबरोबर प्रामाणिक मदतनीसही बाहेर राहिला, आणि त्याच्यासाठी वेगळी परवानगीची वाट शोधावी लागली.

वर्गात हे करून दाखवता येईल. एका मुलाने कळफलक व्हावे आणि अंकांच्या चिठ्ठ्या पुढे द्याव्यात, दुसऱ्याने त्यांची अक्षरे करून फळ्यावर लिहावीत. तिसऱ्याने मध्ये बसावे आणि ७ ही चिठ्ठी आली की फक्त टाळी वाजवावी. काही वेळाने तिसऱ्याला, कोणाला न कळता, प्रत्येक चिठ्ठी उतरवून घ्यायला सांगावे. मग वर्गाला विचारावे: फळ्याकडे पाहून काही फरक ओळखता आला का?