कशाचे टक्के?

आमच्याकडची बाई छातीतल्या गाठीचं माप वाणसामानात सांगते. आधी हरभऱ्याएवढी होती, मग सुपारीएवढी झाली, आता लिंबाएवढी आहे. वर "दुखत नाही हो काही" हे असतंच. या मापाला हसू नये. सुपारीचं लिंबू व्हायला किती महिने लागले, एवढं विचारलं की वाढीचा वेग हातात येतो, आणि डॉक्टरमंडळीही इतकी वर्षं तोच वेग शोधत आहेत.

मी सोलापुरात गाठी तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. माहेर करमाळा तालुक्यातल्या वांगीचं. उजनीचं पाणी चढलं तशी आमच्या एका वांगीची वांगी नंबर 1, 2, 3, 4 झाली. धरणाचं काम 1966 ला सुरू झालं आणि 1980 ला संपलं. दोनच वर्षांनी, 1982 मध्ये, बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. 1987 मध्ये तिथेच टाटा मेमोरियलच्या मदतीने देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं. दवाखान्यात येईल तो रुग्ण मोजायचा, अशी ती नोंदणी नव्हती. माणसं गावोगाव जाऊन विचारायची, कुणाच्या अंगावरून जास्त जातं, कुणाला गाठ आहे. तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे होता आणि स्तनाचा त्याच्या बराच मागे. करमाळा, माढा मात्र त्या तीन तालुक्यांबाहेर राहिले. आमची गावं सरकारने अगदी वीतभर जमिनीपर्यंत मोजली होती, पण ती पाण्यासाठी.

गाठीच्या वेगाची मोजणी आधी नुसत्या डोळ्यांनी चाले. मायक्रोस्कोपखाली एका पेशीच्या दोन होताना दिसतात, त्या मोजायच्या. इंग्लंडात ब्लूम आणि रिचर्डसन यांनी 1957 मध्ये या मोजणीला गाठीच्या प्रतवारीत जागा दिली आणि 1991 मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी तिला शिस्त लावली. शिस्त लागायलाच हवी होती, कारण एका मायक्रोस्कोपचं वर्तुळ मोठं असतं, दुसऱ्याचं लहान. दहा वर्तुळं मोजली म्हणताना वर्तुळ केवढं, हे सांगितलंच पाहिजे. शिवाय दुभंगण्याच्या नेमक्या क्षणी सापडते तेवढीच पेशी या मोजणीत येते. तयारीत असलेली सुटते.

ती तयारीतली पेशी जर्मनीतल्या कील शहरात सापडली. योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एक अँटीबॉडी जाहीर केली. ती वाढीच्या फेऱ्यात असलेल्या पेशीला धरते आणि स्वस्थ बसलेल्या पेशीला सोडते. कील गावाचा 'की' आणि तपासणीच्या ताटलीतला 67 नंबर, म्हणून की-67. नंबर लावलेली गावं आम्हाला नवी नव्हती.

पण पहिली काही वर्षं ती फक्त गोठवलेल्या ताज्या तुकड्यावर चाले. करमाळ्यातून एसटीने येणाऱ्या गाठीला तिचा काय उपयोग? 1992 च्या सुमारास मिब-1 नावाची अँटीबॉडी आली, ती मेणाच्या जुन्या ब्लॉकवरही चालू लागली. स्लाइड सायट्रेटच्या पाण्यात उकळली की गाठ टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने झाकलेली खूण पुन्हा उघडी पडते. परदेशात आधी त्यासाठी मायक्रोवेव्ह वापरला, मग प्रेशर कुकर. आम्ही थेट कुकरच वापरला. ज्या तपासणीवर एखाद्या बाईची केमोथेरपी ठरायची, तिची सुरुवात शिट्टीने व्हायची. नवीन मुली हसायच्या, मीही हसायचे.

निकाल टक्क्यांत येतो. शंभर पेशींपैकी किती तपकिरी झाल्या, तेवढे टक्के. उजनीकाठच्या माणसाला टक्के शिकवावे लागत नाहीत. "धरण प्लसमध्ये आलं का?" हा आमच्याकडे पावसाळ्यातला रामराम आहे. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, आणि तरीही त्यात पाणी होतं. एकूण साठा 117 टीएमसीचा, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, आणि टक्के धरतात वरच्या सुमारे 53 टीएमसीवर. शून्य कुठे धरलं हे माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही. की-67 चंही तसंच. सगळ्यांत दाट तपकिरी कोपरा मोजायचा की सगळीकडची सरासरी काढायची, यावर जाणकारांची वर्षानुवर्षं जुंपली. उंबरठा आधी 14 टक्के म्हणाले, मग 20. शेवटी 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने शहाणपणाची कबुली दिली: हार्मोनला दाद देणाऱ्या, हर-2 प्रथिन वाढलेलं नसलेल्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये 5 किंवा त्याखाली असेल तर केमो बहुधा नको, 30 किंवा त्यावर असेल तर हवी. मधल्या आकड्यावर एकट्याने भरवसा ठेवू नये. नेमक्या त्या मधल्यातच पुष्कळ बायका येतात.

मला मात्र त्या आकड्याच्या आधीची गोष्ट जास्त छळायची, ती म्हणजे गाठ ठेवून आणायची बरणी. फॉर्मॅलिन गाठीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. लिंबाएवढी गाठ न चिरता तशीच बुडवली तर वरची साल टिकते आणि गाभा सडतो. त्यात सोलापूरचा मे महिना. कुणी सलाइनमध्ये आणायचं, कुणी स्पिरिटमध्ये. एका नातेवाइकाने फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात ठेवून आणली होती, अगदी मासळीसारखी जपून. बिचाऱ्याला वाटलं, थंड म्हणजे ताजी. अशा गाठीत की-67 खरा आहे त्याहून कमी भरू शकतो. म्हणजे रिपोर्टात गाठ संथ दिसते, आणि ती संथ नसतेच. अशा वेळी आम्ही मोजलेलं असतं ते करमाळा ते सोलापूर अंतर.

अलीकडची चांगली कल्पना ब्रिटनची. पोएटिक नावाच्या अभ्यासात पाळी गेलेल्या 4480 बायकांपैकी काहींना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे हार्मोन रोखणारी गोळी दिली आणि आकडा दोनदा पाहिला. निकाल 2020 मध्ये आले. गोळी घेणाऱ्या, हर-2 वाढलेलं नसलेल्या बायकांत ज्यांचा आकडा आधीपासून कमी होता, त्यांच्यात पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण 4.3 टक्के होतं. वरून खाली उतरलेल्यांत ते 8.4 होतं आणि वरच अडकलेल्यांत 21.5. गोळी स्वस्त आहे. लाखांत जाणाऱ्या जनुक-तपासण्यांपेक्षा आमच्या भागाला हे जास्त परवडेल, असं माझं मत आहे. पण आपल्याकडच्या पुष्कळ बायका पाळी जायच्या आधीच्या वयात येतात, त्यांना हा हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि या दोनदा मोजण्यात बरण्या दोन लागतात. सुईने काढलेला पहिला तुकडा बारीक असतो, तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरतो. दोन आठवड्यांनी येते ती अख्खी गाठ. दुसरा आकडा उतरलेला दिसला, तर तो गोळीने उतरला की उन्हात गाभा सडला म्हणून, हे स्लाइड पाहून दरवेळी सांगता येत नाही. त्यासाठी गाठ लगेच चिरून, तिच्या दसपट फॉर्मॅलिनमध्ये तासाभरात बुडवावी लागते, आणि काढल्याची व बुडवल्याची अशा दोन्ही वेळा बरणीवर लिहाव्या लागतात. आमच्याकडे यायच्या त्यातल्या बऱ्याच बरण्यांवर नुसतं नाव असायचं, तेही शाईपेनाने, फॉर्मॅलिन सांडून फुटलेलं.