करभाराचा न्याय : कूटदन्त सुत्त ते रोजगार हमी

कल्याणहून भिवंडीकडे जाताना दुर्गाडी किल्ल्याजवळची खाडी ओलांडली की कोन गाव लागते. आज या परिसरात गोदामांची दाटी आहे. एके काळी हा शेतसारा भरणाऱ्या गावांचा मुलूख होता. श्रीमंतांकडून कर घेऊन गरिबांस साहाय्य करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न अशा गावाच्या वेशीवर उभे राहून विचारला म्हणजे त्याचे खरे स्वरूप कळते. आपल्या इतिहासात दीर्घकाळ उलटाच व्यवहार चालला होता.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. कर कोणावर खर्च होतो, हे त्यांनी दाखविले. तो कोणाकडून घेतला जातो, हे बाबासाहेबांनी दाखविले. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसारा आणि प्राप्तिकर यांची तुलना केली. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर द्यावा लागत नाही; शेतसारा मात्र पीक बुडाले तरी चुकत नाही. शिवाय एक एकराचा धनी आणि मोठा जहागीरदार यांना दर एकच. ऐपतीचा विचार न करणारा कर अन्यायाचा, हे त्यांचे सूत्र होते.

या सूत्राची मुळे धम्मात आहेत. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाच्या राज्यात चोर-लुटारूंचा उपद्रव माजतो. पुरोहित त्यास सांगतो की, अशा स्थितीत नवा कर बसविणे अनुचित होय आणि दंडानेही उपद्रव शमणार नाही. शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि सेवकास अन्न-वेतन द्यावे. तसे केल्यावर प्रजा निर्भय होते आणि राजाचा कोषही वाढतो.

महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल टाकले. रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील पगारदाराचा पैसा खेड्यातील मजुराच्या मजुरीस लागला. परंतु बाबासाहेबांचे माप येथेही लावले पाहिजे. राज्यघटनेने या कराची वार्षिक कमाल मर्यादा प्रारंभी २५० रुपये ठेविली होती. १९८८ साली ती २,५०० झाली. त्यामुळे मध्यम पगाराचा कारकून आणि कोट्यधीश व्यापारी जवळजवळ एकाच पंक्तीस बसतात.

दान दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. कर हे कर्तव्य आहे. म्हणून गरिबांसाठी घेतलेल्या करास उपकार म्हणणे आम्हांस मान्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमातून कोष भरला, त्यांच्या ऋणाची ती अंशतः फेड होय.