गाडी चालवताना वाजलेला फोन, आणि त्यानंतर त्या घरात जायचं कसं?

अपघाताची खबर घरी कोण आणतं? पूर्वी भावकीतले दोघं-तिघं यायचे. दारात चपला काढायचे, पाणी मागायचे आणि मग घरातल्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचे. आता ही खबर बहुतेक वेळा व्हॉट्सॲप ग्रुपवरून येते. रस्त्यावर आडवी पडलेली मोटारसायकल, बाजूला चप्पल, कोपऱ्यात नंबरप्लेट. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, "ओळखीचे असल्यास कळवा." त्या ग्रुपमध्ये त्या माणसाची मुलगीही असू शकते, हे फोटो टाकणाऱ्याच्या डोक्यात येत नाही.

म्हणजे मोबाईल या गोष्टीत दोनदा येतो, एकदा अपघाताआधी आणि एकदा अपघातानंतर. या लेखात दोन्हींबद्दल वाचूया. उदाहरणासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा चंदगड तालुका घेऊ, कारण इथे एक अडचण जास्तीची आहे. ती म्हणजे राज्याची सीमा.

पाच सेकंदांत किती अंतर जातं?

चंदगड तालुक्यातून बेळगाव-वेंगुर्ला रस्ता जातो. शिनोळी आणि हलकर्णीच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं दुचाकीवर असतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, पावसाळ्यात धुकं आणि मुसळधार पाऊस असतो. गोव्याला जाणाऱ्या गाड्या तिलारी घाटाकडे वळतात. अशा रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण साडेसोळा मीटर पुढे जाते. आलेला मेसेज वाचायला पाच सेकंद लागले, तर ८३ मीटर रस्ता न बघता पार झालेला असतो. रात्रीची वेळ असेल आणि पुढच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल, तर ब्रेकवर पाय जायच्या आतच ती ट्रॉली समोर येते.

"मी हेडफोन लावून बोलतो, हात मोकळे असतात," हे उत्तर सगळ्यांनी ऐकलेलं आहे, बऱ्याच जणांनी दिलेलंही आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात याच प्रश्नावर गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बरेच प्रयोग केले. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्यावरच होती, पण समोर काय होतं ते त्यांना नंतर नीट आठवत नव्हतं. डोळ्यांनी बघितलं होतं, पण मेंदूने टिपलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हँड्स-फ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही. मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं कसं चालतं? शेजारच्याला समोरचं वळण दिसत असतं, तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम १८४ मध्ये, म्हणजे 'धोकादायक वाहन चालवणं' यात स्पष्टपणे आलं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायला नियमात सूट आहे, पण लक्ष विचलित होणार नाही एवढ्यापुरतीच. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरीचा चालक बस चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघत होता. एका प्रवाशाने व्हिडिओ काढून तो थेट परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोचवला. चालकाला बडतर्फ केलं गेलं आणि बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. इथे अपघात झाला नाही, म्हणून मोबाईलचं कारण सगळ्यांना दिसलं. अपघात झाला असता तर पंचनाम्यात काय लिहिलं गेलं असतं, हा प्रश्न उरतोच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३,३९५ मृत्यू मोबाईलच्या वापरामुळे झाल्याची नोंद आहे. सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू 'अतिवेग' या खात्यात आहेत. मोबाईलचा आकडा कमी वाटतो, पण रस्त्यावर पडलेल्या गाडीवरून वेगाचा अंदाज बांधता येतो. त्या क्षणी चालकाचा अंगठा स्क्रीनवर होता का, हे कुणी बघितलेलं नसतं. ते शोधायचं तर कॉलचा तपशील मागवावा लागतो.

पलीकडून फोन करणारं माणूस

या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल. फोन चालू असताना अपघात झाला, तर त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं. बहुतेक वेळा बायको असते, आई असते, नाहीतर जवळचा मित्र. "येताना दूध आण" एवढं सांगायला केलेला फोन असतो. पुढे कितीतरी वर्षं त्या माणसाला एकच वाटत राहतं, की मी तेव्हा फोन केला नसता तर.

भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "फोनवर बोलत होता म्हणे?" विचारणाऱ्याला ती नुसती चौकशी वाटते. कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईला तो आरोप वाटतो. "हेल्मेट घातलं होतं का?", "एवढ्या रात्री कशाला निघाला होता?" हे प्रश्नही त्याच जातीचे. असे प्रश्न आपण का विचारतो? त्या माणसाची काहीतरी चूक सापडली, तर आपल्याला जरा सुरक्षित वाटतं. आपण तशी चूक करत नाही, म्हणजे आपल्या घरी हे होणार नाही, असं मनाला समजावता येतं. आपल्या मनाला मिळालेल्या या दिलाशाची किंमत मात्र ते घर मोजतं.

हे ओझं वाहणाऱ्या माणसाला "तुझी काही चूक नाही" असं घाईघाईत सांगूनही फारसं हलकं होत नाही. त्यापेक्षा त्याला तो फोन, ती वेळ, ते शेवटचं वाक्य पुन्हापुन्हा सांगू द्यावं. दहाव्यांदा सांगत असला तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकावं.

खबर सांगायची कशी?

मृत्यूची खबर फोनवर नाही, समोर जाऊन सांगावी. शक्यतो दोघांनी जावं आणि ऐकणाऱ्याला आधी खाली बसवावं. "सिरियस आहे" असं खोटं सांगून बेळगावला नेणं आपल्याकडे सर्रास चालतं. हेतू चांगला असतो, पण त्या तासाभराच्या प्रवासात माणूस नवस बोलत असतो, आणि आपल्याला फसवून आणलं हे नंतर त्याच्या मनात राहतं. "गेले" हा शब्द सांगणं जड जातं, पण तो स्पष्ट सांगावा लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच. "बाबा देवाच्या घरी गेलेत", "झोपलेत" असं सांगितलं की लहान मूल त्याचा शब्दशः अर्थ घेतं. मग ते वाट बघतं, नाहीतर स्वतः झोपायला घाबरतं. बाबा वारले, त्यांचं शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही, असं त्याच्या वयाला कळेल अशा शब्दांत सांगावं.

आणि तोपर्यंत फोटो, नंबरप्लेट, नाव, काहीही ग्रुपवर टाकू नये. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं स्टेटस दोन तास उशिरा लावलं तर कुणाचं काही अडत नाही.

सीमेपलीकडचा मृत्यू

चंदगडमधून कोल्हापूर शहर लांब आणि बेळगाव जवळ आहे. त्यामुळे गंभीर जखमीला बेळगावला हलवणं हेच शहाणपणाचं असतं. पण तिथे मृत्यू झाला तर अपघात महाराष्ट्रात आणि मृत्यू कर्नाटकात, असा पेच पडतो. रुग्णालयाची खबर आधी तिथल्या पोलिसांकडे जाते. गुन्हा मात्र जिथे अपघात घडला त्या हद्दीतल्या ठाण्यात चालतो. हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घेऊन पुढे पाठवण्याची, म्हणजे 'झिरो एफआयआर'ची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

मृत्यूचा दाखलाही मृत्यू झाला त्या ठिकाणीच मिळतो. बेळगाव शहरात मृत्यू झाला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नसतो. नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. तेरा दिवस घरातली माणसं सुतकात असतात, त्यामुळे हे काम भावकीतल्या किंवा मित्रांपैकी एखाद्या शिकलेल्या पोराने अंगावर घ्यावं. खरं सांत्वन बऱ्याचदा या रांगेत उभं राहण्यात असतं.

"मिटवून टाका" म्हणणारे पाव्हणे

रक्षाविसर्जन होतं न होतं, तोच कुणीतरी मध्यस्थ येतो. समोरच्या गाडीवाल्याचा ओळखीचा असतो. दोन लाख घ्या, कोर्टाच्या भानगडीत कशाला पडता, असं सुचवतो. त्या आठवड्यात घरातलं कुणीही हिशेब करायच्या अवस्थेत नसतं. म्हणून सह्या करण्याआधी हा हिशेब एकदा बघा.

मृत व्यक्ती ३४ वर्षांची होती, स्वतःचा छोटा धंदा होता, महिना १५,००० रुपये कमाई होती आणि घरात चार अवलंबून माणसं आहेत, असं धरू. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत ठरवलेल्या पद्धतीनुसार भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात. म्हणजे २१,००० झाले. त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की १५,७५० उरतात, वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये, आणि अंत्यसंस्कार वगैरेंची रक्कम वेगळी. मृताचीही काही चूक होती असं न्यायाधिकरणाने ठरवलं तर तेवढा वाटा कापला जातो. उदाहरणार्थ २५ टक्के चूक धरली तरी २२,६८,००० उरतात. म्हणजे "तो फोनवर बोलत होता, तुम्हाला काहीच मिळणार नाही" हे समोरच्याने सांगितलं, तरी लगेच खरं मानायचं कारण नाही.

हा दावा कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करतात, आणि राहत्या ठिकाणच्या हद्दीतही तो करता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर थांबू नये. चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाखांची वेगळी वाट आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

गाडी स्वतःच घसरली, दुसरं वाहनच नव्हतं, तर बहुतेक घरं काही मिळणार नाही असं धरून गप्प बसतात. पण गाडी स्वतःच्या नावावर असेल, लायसन्स आणि पॉलिसी चालू असेल, तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते बघावं. बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापल्याची नोंद असेल, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, दोन लाखांची. आणि सातबारा असलेल्या घरासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचेही दोन लाख. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. ही मुदत हमखास चुकते, कारण पहिले तेरा दिवस कुणी कागद हातात घेत नाही.

तेराव्यानंतर

पहिल्या दिवसांत घरात बसायला जागा नसते. चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या घरांतून भाकरी-आमटी येते. हे आपल्याकडचं फार चांगलं आहे. चौदाव्या दिवसापासून मात्र घर रिकामं होतं आणि खरी गरज तिथून सुरू होते.

"काही लागलं तर सांगा, वहिनी" असं म्हटल्यावर कुणीही काही सांगत नाही. त्यापेक्षा "शनिवारी मी पोराला क्लासला सोडतो", "काजूची औषध फवारणी आम्ही करून घेतो" असं ठरवूनच बोलावं. गेलेल्या माणसाचं नाव टाळू नये. नाव ऐकून डोळ्यांत पाणी येईल, पण तो कुणालाच आठवत नाही असं वाटणं त्याहून वाईट असतं. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात", "आता तुलाच खंबीर व्हायला हवं" ही वाक्यं ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतात. काय बोलावं सुचत नसेल तर नुसतं बसून यावं.

दुःख किती दिवस चालेल याला माप नाही. पण सहा महिने-वर्ष उलटल्यावरही रोजचं काम, जेवण, झोप जमत नसेल, किंवा जगू नये असं बोलणं निघत असेल, तर ते दुखणं समजून मदत घ्यावी. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

ब्रिटनमध्ये अपघातात मुलगा गमावलेल्या ब्रिजिट चौधरी यांनी १९९२ मध्ये अशा कुटुंबांसाठी 'रोडपीस' ही संस्था सुरू केली. त्या संस्थेने १९९३ पासून पाळायला घेतलेला स्मरण दिवस २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तो जगभर पाळला जातो. आपल्याकडे तो सहसा दिवाळीनंतर येतो, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या दिवसांत.