खुनाच्या गोष्टीतला चुकलेला मेळ



रात्रीची जेवणे आटोपली आहेत, घरातली मंडळी दूरचित्रवाणी संचापुढे बसली आहेत आणि पडद्यावर खून झालेला आहे. फौजदार सावकाराला प्रश्न विचारतो आहे. सावकाराच्या हातात चहाचा कप, अगदी काठोकाठ भरलेला. चित्र क्षणभर फौजदाराकडे वळते, पुन्हा सावकाराकडे येते, तो कप रिकामा! आणखी थोड्या वेळाने पाहावे तर पुन्हा भरलेला. घरातले एखादे शाळकरी पोर ओरडते, "आजोबा, कप बघा, कप!" आणि आजोबा म्हणतात, "गप बस, गोष्ट ऐकू दे." माझे म्हणणे असे, की त्या पोराला गप्प बसवू नये. ते जे करीत आहे त्याला बराच जुना इतिहास आहे.

हा कप मधल्या मधे भरतो कोण? चोरून कोणी भरत नाही. गोष्ट आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ दिसते, पण तिचे चित्रण तसे होत नसते. वाड्यातले सगळे प्रसंग एका दिवशी उरकायचे, शेतातले दुसऱ्या दिवशी. सावकाराचे काम करणारा नट दोनच दिवस मोकळा असेल तर त्याचे मरण आधी आणि जगणे नंतर! शिवाय एकच संभाषण आधी एका बाजूने घ्यायचे, मग दिवे हलवून दुसऱ्या बाजूने. या दोन्हींच्या मधे तास-दोन तास जातात. तेवढ्यात चहा निवतो, घड्याळाचा काटा पुढे सरकतो, खिडकीतले ऊन उतरते. हे तुकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून एक सहायक वही घेऊन बसलेला असतो. पदराची घडी कोणत्या खांद्यावर, पट्टी डाव्या हाताला की उजव्या, कंदील पेटलेला की विझलेला, हे सारे तो टिपून ठेवतो. या कामाला चित्रपटवाले 'कंटिन्युइटी' म्हणतात. आपण साधा 'मेळ' म्हणू. रोज एक भाग द्यायचा अशा घाईत ती वही मागे पडते आणि मेळ चुकतो.

चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्याला ही काळजी नवी नाही. आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याला सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलेले आहे. तिथे एकच राजपुत्र भिंतीवर पुनःपुन्हा येतो, कधी राजवाड्यात, कधी वनवासाच्या वाटेवर. बघणाऱ्याने त्याला दर वेळी ओळखले पाहिजे, नाहीतर गोष्ट तुटली. पुढची सहल नेणाऱ्या गुरुजींनी मुलांना एवढेच विचारावे, "यातला राजपुत्र किती वेळा सापडतो, आणि तो तोच आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मात्र सगळ्याच गोष्टींना मेळ सारखाच लागतो असे नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचीही कामे केली, आणि तरी तो चित्रपट पाहायला गर्दी लोटली. का बरे? रामाची गोष्ट लोकांना पाठ होती. पडद्यावर कोणी पुरावा शोधत नव्हते.

खुनाच्या गोष्टीचे तसे नाही. ती आपल्याशी करारच करते: डोळे उघडे ठेवा, बारीकसारीक गोष्टीत गुन्हेगार लपला आहे. एकदा असे सांगितल्यावर भरलेला-रिकामा कप ही नुसती गफलत राहात नाही, तो खोटा पुरावा होतो. कोणी विष तर घातले नाही, कप बदलला तर नाही, अशा शंकेत आपण दोन भाग घालवतो आणि शेवटी कळते की तो नुसता विसराळूपणा होता. आपली फसवणूक झाली असे वाटते ते उगीच नव्हे.

या प्रकारच्या चुका हुडकण्याचा छंद दूरचित्रवाणीच्याही आधीचा आहे, आणि त्याचा उगम शेरलॉक होम्सच्या कथांत सापडतो. भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून होम्स आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा झाला आहे. आर्थर कॉनन डॉइल यांची पहिली होम्सकथा १८८७ साली प्रसिद्ध झाली. तीत डॉक्टर वॉटसनला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत खांद्याला गोळी लागलेली आहे. १८९० च्या दुसऱ्या कथेत पाहावे तर जखम पायाला! नाव जॉन, पण १८९१ च्या एका कथेत त्याची बायको त्याला 'जेम्स' म्हणून हाक मारते. लाल केसवाल्यांच्या मंडळाची जी प्रसिद्ध कथा आहे, तीत तर हिशेबच चुकला आहे. जाहिरात २७ एप्रिलची, त्या गृहस्थाने नोकरी केली आठ आठवडे, म्हणजे जूनअखेरपर्यंत. आणि मंडळ बंद झाल्याची पाटी लागते ९ ऑक्टोबरला! मधले तीन महिने गेले कुठे? गावच्या सोसायटीच्या सचिवाने असा हिशेब दाखवला असता तर सभासदांनी त्याला उभे केले असते.

१९११ साली रोनाल्ड नॉक्स या ऑक्सफर्डच्या विद्वानाने या कथांवर एक निबंध वाचला. थोर जुन्या ग्रंथांची पंडित जशी चिकित्सा करतात, तारखा आणि पाठभेद ताडून पाहतात, तशीच त्याने या रहस्यकथांची केली. त्यात निम्मा विनोद होता, पण पद्धत खरी होती. पुढे डोरोथी सेयर्स या लेखिकेने त्या 'जेम्स'चा उलगडाही सुचवला. वॉटसनच्या नावात मधे 'एच' हे अक्षर आहे. ते 'हेमिश' असावे, आणि हेमिश म्हणजे स्कॉटलंडातला जेम्सच. पाहा, कोडे कसे सुटले! आता डॉइलसाहेबांच्या मनात असे काही असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही. तो माणूस घाईत लिहीत होता आणि विसरला, एवढेच. पण उलगडा शोधणाऱ्यांची गंमत त्याने कमी होत नाही.

पडद्यावर हा मेळ अजिबात चुकूच नये म्हणून काय करावे? तुकडेच पाडू नयेत! आल्फ्रेड हिचकॉकने १९४८ साली 'रोप' नावाचा खुनाचा चित्रपट असा केला. फिल्मचे रीळ दहा मिनिटांत संपत असे, म्हणून प्रसंगही तेवढ्याच लांबीचे, आणि जोड शक्य तिथे लपवलेले. तरी खिडकीबाहेरच्या मावळतीचा रंग फार भडक वाटला म्हणून शेवटची रिळे त्याला पुन्हा घ्यावी लागली.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. तिथे पुढे 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका आली. पोलिसांच्या तपासाच्या कथा तीत असत, आणि शिवाजी साटम घराघरांत पोहोचले. ही मालिका करणारे बी. पी. सिंग यांनीच पुढे साटमांना घेऊन हिंदीत 'सी. आय. डी.' केली. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली ती मालिका २०१८ पर्यंत चालली, भाग झाले दीड हजारांच्या वर. इतक्या भागांत मेळ कुठे चुकला नसेल असे कोण म्हणेल? पण त्याच मालिकेचा एक भाग, ७ नोव्हेंबर २००४ ला दाखवलेला, सलग १११ मिनिटांचा, आणि त्यात एकही तुकडा नाही. कॅमेरा एकदा सुरू झाला तो शेवटीच थांबला. अशा कामात कप आपोआप भरण्याची सोय राहात नाही. पण एका नटाची जीभ अडखळली की सगळे पुन्हा पहिल्यापासून! हा विक्रम म्हणून नोंदला गेला.

इथे प्रेक्षकांचीही बाजू पाहिली पाहिजे. पूर्वी भाग एकदा दाखवला की गेला. कप भरला होता की रिकामा, यावर दुसऱ्या दिवशी पारावर वाद व्हायचा आणि तो सुटायचा नाही. व्हिडिओ आला, मग मोबाईल. आता चित्र थांबवून, मागे नेऊन दाखवता येते. चूक सापडणे सोपे झाले. ती कोणत्या जातीची आहे हे ओळखणे मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले आहे. लेखकाने मुद्दाम ठेवलेली खूण कोणती आणि कोणाच्या हातून झालेली विसर कोणती, हे कळायला गोष्ट पुरी ऐकावी लागते.

आणि हा प्रश्न पडद्यापुरता राहात नाही. खेड्यात खरोखरच अशी घटना घडली तर पोलीस पंच बोलावतात आणि पंचनामा होतो. पंचनामा म्हणजे खऱ्या आयुष्यातली ती मेळाची वहीच. प्रेत कसे पडले होते, विळा किती अंतरावर होता, दाराची कडी आतून की बाहेरून, मुद्देमालाच्या कोणत्या पुडीला कोणते सील. पुढे खटला उभा राहतो आणि वकील ही वही व साक्षीदाराचे बोलणे शेजारी ठेवून मेळ पाहतो. साक्षीदाराचे आधीचे निवेदन त्याच्यापुढे ठेवून विसंगती दाखवण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही ती आहे.

मग रोज मालिका पाहणाऱ्याला वाटेल, साक्षीदार एका शब्दाने चुकला की तो खोटा. न्यायालय तसे मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली गुजरातमधील एका खटल्यात हे फार छान समजावून सांगितले. त्याचा आशय असा, की साक्षीदाराच्या मनात व्हिडिओची फीत नसते, ती पुन्हा लावून दाखवता येत नाही. घाबरलेला माणूस वेळ आणि अंतर अंदाजाने सांगतो, आणि उलटतपासणीत गोंधळतो. किरकोळ फरक पडला म्हणून साक्ष टाकून द्यायची नाही. खटल्याच्या मुळालाच हात घालणारी विसंगती असेल तर गोष्ट वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेव्हाच्या औरंगाबादेत १९८१ साली बसू लागले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या किती अपिलांत हाच वाद झाला असेल! शेतकरी म्हणतो दिवस मावळताना पाहिले, फिर्यादीत लिहिले आहे सात वाजता. आषाढात सात वाजता मराठवाड्यात अजून उजेड असतो, पौषात मिट्ट अंधार. महिना कोणता, हे आधी पाहायला नको का?

म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात दोन मुलांना पाच मिनिटे बाहेर पाठवा. टेबलावरच्या तीन वस्तू हलवा, एखाद्याची टोपी दुसऱ्याला द्या. मुले परत आली की काय बदलले ते लिहायला सांगा. मग दोघांचे कागद शेजारी ठेवा. ते जुळणार नाहीत. त्यातले काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे वर्गालाच ठरवू द्या, आणि तुम्ही मधे बोलू नका.

झडती आणि जप्तीचे चित्रण कॅमेऱ्याने करावे असे २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत सांगितले आहे. म्हणजे आता पंचनाम्याच्या कागदाशेजारी चित्रफीतही आली. उद्या तुम्हाला पंच म्हणून बोलावले तर सही करण्यापूर्वी कागद नीट वाचून घ्या, वेळ कोणत्या घड्याळाची लिहिली आहे ते विचारा, आणि विळा पडवीत होता की ओसरीवर, हे आपल्या डोळ्यांनी पाहिले असेल तसेच लिहवून घ्या.