भिंतीला घाम येऊ द्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात छातीएवढे पाणी होते. ते ओसरल्यावर गाळ काढला आणि दिवाळीच्या आत घर पहिल्यासारखे दिसावे म्हणून घाई केली. भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट. पुढच्याच पावसाळ्यात रंगाला फुगे आले, पोपडे सुटले, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. आईला दमा. तिची खाट माजघरातून माडीवर हलवावी लागली. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येईना. अंगणातली तुळसही दुरावली.

आम्ही पुन्हा रंग दिला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. आता घर पाडावे, असे सगळे म्हणू लागले. तेव्हा एका वृद्ध गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी भिंतीवर बोटांनी टकटक केले आणि म्हणाले, "मास्तर, भिंतीला रेनकोट घातलासा. पाणी आत हाय. घाम यायचा कुठनं?"

या एका वाक्याने मी जुन्या घरांकडे नव्याने पाहू लागलो.

आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग एकेकाळी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. पण पाऊस दोन्हीकडे सारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर, तर सांगलीकडे ६०० च्या आसपास. म्हणून महाबळेश्वरला पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकत. झड भिंतीपर्यंत पोचूच द्यायची नाही, हा तिथला उपाय. खाली कृष्णाकाठी दगडी जोते उंच घेत, वळचण पुढे काढत, आणि जाड भिंतींना मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करत. भिंत ओली व्हायचीच. पण तिची ओल वाफ होऊन बाहेर पडायची.

मग हे सुटले का? ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. आमच्या वडिलांचा मातीच्या भिंतीवरचा विश्वास त्या पहाटे उडाला, आणि त्यांना दोष देता येत नाही. सिमेंटने घराला बळ दिले हे खरेच. चूक झाली ती जुन्या भिंतीवर नवे कातडे चढवण्यात. सिमेंट आणि तेलरंग वाफेला वाट देत नाहीत. आतले पाणी क्षार घेऊन पृष्ठभागाशी येते, तिथे सुकते, क्षारांचे खडे होतात आणि ते गिलावा ढकलून पाडतात. यालाच आपण लोणा म्हणतो.

म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ओल कुठून येते ते पाहावे. जमिनीपासून कमरेपर्यंत ओल आणि लोणा असेल, तर पाणी पायातून चढते आहे. एखाद्याच जागी डाग असून पावसाबरोबर वाढत असेल, तर कौल, गच्ची किंवा नळ तपासा. आणि स्वयंपाकघरात, कपाटामागे थेंब किंवा बुरशी दिसत असेल, तर तो घरातलाच दमटपणा आहे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा. शंका असल्यास भिंत पुसून अॅल्युमिनियमचा कागद कडा बंद करून चिकटवा. दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर खिडक्या उघडा, कपाट पुढे सरकवा. कागदामागे दिसले तर ओल भिंतीत आहे.

आमची ओल भिंतीत होती. गवंडीकाकांनी सिमेंट खरवडून काढले आणि भिंती वैशाखापर्यंत उघड्या ठेवल्या. पाहुणे नाक मुरडत, मलाही लाज वाटे. मग चुन्याचा गिलावा झाला, वर नुसती चुन्याची सफेदी. हात लावला तर पांढरा होतो. पूर आला तर ही भिंत पुन्हा भिजेल, पण सुकेलही.

त्या पावसाळ्यात आई माजघरात परतली. पहिल्याच दिवशी तिने खाटेवरून भिंतीला हात लावला, पांढरी झालेली बोटे पदराला पुसली आणि म्हणाली, "हं, आता घरासारखं वाटतंय."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)