सेंट हेलेनाचे पाहुणे

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. महाविद्यालयांत असतां इतिहासाच्या तासाला तो मागच्या बाकावर बसे, व आमच्या व्याख्यानापेक्षां खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे त्याचें लक्ष अधिक असे. परंतु माणूस मोठा सरळ. हल्लीं तो लंडनच्या एका कंपनीसाठीं संगणकाच्या प्रणाली लिहितो. कंपनीची कचेरी त्यानें अद्याप डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं. काम तारेनें येतें, तारेनेंच परत जातें आणि पगार बँकेंत जमा होतो. तेव्हां पुण्यांतल्या दोन खोल्यांत बसलें काय आणि पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र बसलें काय, सारखेंच, असा त्याचा हिशेब. असल्या लोकांस आतां 'डिजिटल नोमॅड' असें नांव पडलें आहे. आमचे धनगर कुरणें पाहून मुक्काम हलवितात, हे लोक इंटरनेटचा वेग पाहून हलवितात, एवढाच काय तो भेद. "सर, सेंट हेलेना बेटाविषयीं आपलें मत काय? वर्षभर तेथें जाऊन राहावें असें मनांत आहे," असें त्यानें विचारलें. नेपोलियनखेरीज त्या बेटाची त्याला कांहीं माहिती नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर आमचीही माहिती त्यापुढें फारशी गेलेली नव्हती. विद्यार्थ्यापुढें निरुत्तर होणें आमच्या व्यवसायांत बरें दिसत नाहीं. म्हणून सुटीचे उरलेले दिवस आम्हीं त्या बेटाच्या इतिहासांत घालविले, व त्यांतून जें हातीं लागलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

सेंट हेलेना हें बेट दक्षिण अटलांटिक महासागरांत, विषुववृत्ताखालीं सुमारें १६ अंशांवर आहे. क्षेत्रफळ अवघें १२२ चौरस किलोमीटर. आफ्रिकेचा किनारा तेथून १,९०० किलोमीटरांच्या आसपास, आणि ब्राझील त्याहूनही दूर. ज्वालामुखीच्या काळ्या कड्यांनीं तें चहूंकडून वेढलेलें असून सर्वांत उंच शिखर सुमारें ८२० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानाएवढें, आहे. पोर्तुगीज नाविकांस हें बेट १५०२ सालीं सांपडलें, तेव्हां त्यावर मनुष्यवस्ती मुळींच नव्हती. येथील प्रत्येक माणूस, अथवा त्याचा पूर्वज, केव्हां तरी बाहेरून आलेला आहे. कोणी आपखुषीनें आला, पुष्कळांना आणून टाकलें. अमुक कामास हें बेट सोयीचें कीं गैरसोयीचें, हा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेव्हांपासून विचारला जात आहे.

या बेटावर दीर्घकाळ राहिलेला पहिला माणूस गोव्याच्या लढाईंतून आला होता, ही गोष्ट आम्हांस पूर्वीं ठाऊक नव्हती. फेर्नांव लोपिश हा आल्बुकर्कच्या सैन्यांतला एक पोर्तुगीज. तो आपलें सैन्य सोडून विजापूरकरांच्या पक्षास मिळाला. १५१२ सालीं बाणस्तारीच्या किल्ल्यांत रसूलखान शरण आला, तेव्हां या फितुरांस जीवें मारणार नाहीं असें वचन आल्बुकर्कनें दिलें; आणि तें त्यानें अक्षरशः पाळलें. लोपिशचें नाक व कान कापण्यांत आले, उजवा हात तोडण्यांत आला व डाव्या हाताचा अंगठाही गेला. पुढें १५१६ च्या सुमारास तो स्वदेशीं जावयास निघाला. परंतु वाटेंत सेंट हेलेनाला गलबत लागतांच रानांत लपून बसला आणि मागें राहिला. असल्या तोंडानें लिस्बनमध्यें कोणापुढें जावयाचें? पुढचीं सुमारें तीस वर्षें, मध्यंतरींची पोर्तुगाल व रोम येथील एक यात्रा सोडली तर, त्यानें या बेटावर काढलीं. एका हातानें त्यानें बागा केल्या. गलबतावरचे लोक त्याच्यासाठीं बिस्किटें, बियाणें आणि कपडे ठेवून जात. एका गलबतावरून समुद्रांत पडलेला कोंबडा त्यानें वांचविला, व तोच पुढें त्याचा सोबती झाला, असें पोर्तुगीज बखरकार सांगतात.

लोपिशला जगापासून कांहींच नको होतें, म्हणून बेट त्याला मानवलें, असें प्रथम वाटतें. परंतु बिस्किटें गलबतावरचीं होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याचा खरा पूर्वज शोधावयाचा तर तो एडमंड हॅले होय. १६७६ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, ऑक्सफर्डचें शिक्षण अर्धवट टाकून हा तरुण दक्षिण गोलार्धांतील ताऱ्यांची मोजदाद करण्यासाठीं निघाला. बापानें वर्षास ३०० पौंड देऊं केले, राजानें शिफारस केली, आणि बेट ज्यांच्या ताब्यांत १६५९ पासून होतें त्या ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या जहाजावर फुकट नेलें. तरुण वय, सामानांत उपकरणें, पैसा मायदेशचा आणि कामाचें फळही मायदेशींच पाठवावयाचें: यांत आजच्या फिरत्या कामकऱ्याचें कोणतें लक्षण कमी आहे? (आमच्या विद्यार्थ्यानें पदवी पुरी केली, एवढें मात्र त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.) हॅलेनें जागा निवडली ती उंचावरची, कारण तारे पाहावयाचे तर उंच जावें, असें कोणीही म्हणेल. परंतु त्याच उंचीवर व्यापारी वारे ढग आणून अडवितात. एक वर्षाच्या मुक्कामांत निरभ्र रात्री इतक्या थोड्या मिळाल्या कीं, त्याच्या यादींत ३४१ च तारे भरले. तरी ७ नोव्हेंबर १६७७ रोजीं सूर्यबिंबावरून बुध जातांना त्याला दिसला, हें नशीब. पुढें १७६१ सालीं शुक्राचें असेंच संक्रमण पाहण्यासाठीं मॅस्केलिन या बेटावर आला आणि ऐन वेळीं ढग आले. एवढ्या लांब येऊन आकाशाकडे हताशपणें पाहत उभ्या राहिलेल्या त्या ज्योतिष्याची आम्हांस मनापासून कींव येते.

कंपनीच्या राज्यांत बेट गजबजलेलें होतें. हिंदुस्थान व चीन येथून माल भरून परतणारीं जहाजें येथें पाणी व ताजी भाजी घेण्यास थांबत. असईच्या मैदानावर १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली मायदेशीं परततांना १८०५ सालीं येथें उतरला होता. दहा वर्षांनंतर, वॉटर्लूच्या विजयी सेनापतीच्या ओळखीच्या या बेटावर वॉटर्लूचा पराभूत सम्राट येऊन राहावा, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

नेपोलियन येत आहे ही बातमी बेटास मिळाली ती तो पोंचण्यापूर्वीं अवघे कांहीं दिवस. ऑक्टोबर १८१५ मध्यें तो उतरला, तेव्हां त्याच्यासाठीं घरही तयार नव्हतें. पहिले सुमारें दोन महिने तो ब्रायर्स या बंगल्याच्या आवारांत बाल्कम कुटुंबाच्या शेजारीं राहिला; त्या घरांतील मुलींशीं थट्टामस्करी करण्यांत त्याचे हे दिवस बरे गेले. मग लाँगवुड. तें घर उंच पठारावर, वारा व धुकें यांच्या तोंडांत. भिंतींना ओल, आणि उंदीर इतके कीं राहणारांस त्यांचा त्रास नित्याचा झाला. तथापि काम थांबलें नाहीं. लास काझ, गूर्गो, मोंतोलों व बेर्त्रां हे त्याच्या तोंडून आठवणी लिहून घेत. युद्धांत जें हरलें तें लेखणीनें परत मिळवावयाचें, असा त्याचा बेत होता. आणि लास काझचा ग्रंथ १८२३ सालीं प्रसिद्ध होऊन त्याचा जो परिणाम झाला, तो पाहतां हा बेत अगदींच फसला असें म्हणतां येणार नाहीं. त्याची खरी उपासमार बातम्यांची होती. वर्तमानपत्रें आठवडेच्या आठवडे शिळीं होऊन येत, पत्रें गव्हर्नरच्या नजरेखालून जात, आणि चोरून पत्र पाठविण्याच्या आरोपावरून लास काझला १८१६ च्या अखेरीस बेटाबाहेर घालविण्यांत आलें. एके काळीं ज्याच्या आज्ञेवर यूरोप हलत होता, त्याला पॅरिसमध्यें काय चाललें आहे तें क्षितिजावर शीड दिसेपर्यंत कळत नसे. ५ मे १८२१ रोजीं तो तेथेंच मरण पावला. ज्यांनीं त्याला पाठविलें त्यांच्या दृष्टीनें बेट आपल्या कामास पूर्णपणें योग्य ठरलें होतें.

१८५५ सालीं सुमारें १,१०० जहाजें या बंदरास लागलीं. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. १८८९ सालीं २८८ लागलीं. बेट जागचें हललें नव्हतें, त्याचें पाणी आटलें नव्हतें, भाजीही तशीच पिकत होती. रस्ता तेवढा दुसरीकडून गेला.

तारेचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यास विशेष रुचेल. १८९९ च्या अखेरीस, बोअर युद्ध पेटलें असतां, ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीनें केपटाउनहून समुद्रांतून आणलेली तार येथें पोंचली व असेन्शन बेटाकडे पुढें गेली. कांहीं महिन्यांतच हजारों बोअर कैदी येऊन दाखल झाले. म्हणजे जगाशीं जोडला गेल्याचा बेटाचा पहिला अनुभव असा कीं, जगानें आपले कैदी पाठवून दिले. पुढें न्यूझीलंडांतून आणलेल्या, घायपातासारख्या दिसणाऱ्या फ्लॅक्स या झाडाचा वाख काढण्याचा धंदा १९०७ पासून सुरू झाला. डोंगरच्या डोंगर त्याखालीं गेले. त्या वाखाचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंडचें टपालखातें: टपालाच्या थैल्या व सुतळी यांस तो लागे. १९६६ च्या सुमारास त्या खात्यानें कृत्रिम धागा पसंत केला, आणि बेटाचा एकुलता एक धंदा बसला. लंडनमधील कोणा कारकुनानें त्या दिवशीं काटकसर साधल्याच्या समाधानांत चहा घेतला असेल. बेटाचें काय झालें तें त्याच्या कानींही गेलें नसेल. त्यावर कळस म्हणजे १९८१ च्या कायद्यानें या बेटकऱ्यांचें पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. तें २००२ सालीं परत मिळालें, तोंच तरुण मंडळी नोकरीसाठीं बाहेर पडली. आज तेथें चार-साडेचार हजार माणसें राहतात.

आतां सध्यांची स्थिति. विमानतळ बांधण्यास ब्रिटिश सरकारनें सुमारें २८५ दशलक्ष पौंड घातले. परंतु कड्याच्या टोंकावरील त्या धांवपट्टीवर वारा असा कांहीं उलटसुलट फिरतो कीं, २०१६ सालचें उद्‌घाटन लांबणीवर टाकावें लागलें. (व्यापारी वारे या बेटावर येतात हें हॅलेनें साडेतीनशें वर्षांपूर्वीं अनुभवलें होतें, इतिहासाचे तास मागच्या बाकावर काढणारे इंजिनियरांतही असतातच.) जोहान्सबर्गहून नियमित विमान आलें तें ऑक्टोबर २०१७ मध्यें. समुद्राखालून इंटरनेटची तार ऑगस्ट २०२१ मध्यें किनाऱ्याला लागली आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत लोकांस तिचा उपयोग होऊं लागला. तोंपर्यंत सगळें बेट एका उपग्रहाच्या तुटपुंज्या दुव्यावर अवलंबून होतें. १८८२ सालीं सेशेल्सहून आणलेल्या जोनाथन नांवाच्या कासवानें जुनी तार, विमान आणि नवी तार हीं तिन्ही पाहिलीं. त्यांपैकीं कशामुळेंही त्याच्या चालीत फरक पडल्याचें आढळत नाहीं.

तेव्हां बेट योग्य कीं अयोग्य? कामापुरतें योग्य आहे, असें आमचें मत झालें. घड्याळ ग्रिनिचचें, म्हणजे हिंवाळ्यांत लंडनच्या कचेरीशीं मिनिटाचाही फरक नाहीं. पुण्याहून रात्रीं उशिरापर्यंत चालणारीं त्याचीं संभाषणें तेथें दिवसां होतील. हवा समशीतोष्ण. घर जेम्सटाउनच्या कोरड्या खोऱ्यांत घ्यावें, लाँगवुडकडे घेऊं नये. सम्राटाचा अनुभव फुकट घालविण्याचें कारण नाहीं. गंभीर दुखणें आल्यास दक्षिण आफ्रिकेस न्यावें लागतें, व विमानें मोजकींच. हें तिशींतल्या माणसाला सांगून पटत नाहीं, तरी सांगितलें पाहिजे. विद्यार्थ्यानें न विचारलेली एक बाजू मात्र आम्हांस अधिक अस्वस्थ करते. बेटावरची मजुरी ब्रिटनच्या मानानें फार कमी आहे. लंडनचा पगार खिशांत घेऊन असे शंभर पाहुणे आले, तर घरभाडें कोणाला परवडेल? आणि उद्यां या पाहुण्यांना दुसरें बेट अधिक आवडलें, तर? जहाजें, कैदी, वाख या तिन्हींचा शेवट बेटानें पाहिला आहे, व त्यांपैकीं एकाही वेळीं निर्णय बेटावर झाला नव्हता. उलट अशीही आशा आहे कीं, ज्या तारेनें पाहुणा काम करील तिनेंच बेटावरचा मुलगा घर न सोडतां बाहेरचें काम मिळवूं शकेल. असें घडलें तर ती तार प्रथमच खऱ्या अर्थानें बेटाची होईल.

ती तार जेथें वर येते त्या रूपर्टच्या खोऱ्याविषयीं सांगावयाचें राहिलें. १८४० पासून सुमारें तीस वर्षें, गुलामांचा व्यापार करणारीं जहाजें पकडून ब्रिटिश आरमार या बेटावर आणीत असे. त्यांतून उतरविलेले आफ्रिकी लोक पंचवीस हजारांच्या आसपास होते. त्यांपैकीं हजारों रोगानें व उपासमारीनें येथेंच मेले व या ओसाड खोऱ्यांत पुरले गेले. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामापूर्वीं उत्खनन झालें, तेव्हां ३२५ जणांचे सांगाडे सांपडले. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. ते सांगाडे पेट्यांत भरून अनेक वर्षें ठेवले होते, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्यें त्याच खोऱ्यांत पुन्हां पुरण्यांत आले. समुद्रांतून त्या किनाऱ्यावर आलेल्या तारेचें नांव 'एक्वियानो' आहे. ओलोडा एक्वियानो हा अठराव्या शतकांतला एक गुलाम; त्यानें स्वतःचें मोल भरून स्वातंत्र्य मिळविलें व १७८९ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. बेटाचा विचार करून तारेचें नांव ठेवलें नव्हतें; ती पोर्तुगालपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाते, आणि हा तिचा एक फांटा.

विद्यार्थ्याला आम्हीं पत्र लिहिलें आहे. जावें, म्हणून कळविलें. भाडें ठरवितांना घासाघीस फार करूं नये व फार सढळपणाही दाखवूं नये, हेंही लिहिलें. आणि पहिल्या रविवारीं रूपर्टच्या खोऱ्यांत जाऊन यावें. जेम्सटाउनहून तें एका डोंगराच्या सोंडेपलीकडे आहे.